पडलेला अग्निबाण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांच्या गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



शिक्षकी पेशात असताना शाळेच्या सहलीबरोबर केरळातील थुंबा येथे जाण्याचा योग आम्हांस आला होता. 21 नोव्हेंबर 1963 रोजी त्या मच्छीमारांच्या गावातून पहिला अग्निबाण आकाशात गेला. ज्या चर्चच्या वास्तूत त्या काळी आपल्या शास्त्रज्ञांनी कामाचा संसार मांडला, तेथे आता संग्रहालय आहे. मुले प्रतिकृती पाहण्यात रमली असता एकाने विचारले, "गुरुजी, यांतला पडलेला कोणता?" त्या मुलाचे नववीत एक वर्ष वाया गेले होते. आम्ही निरुत्तर झालो.

उत्तर पुढे वाचनात सापडले. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेले एस.एल.व्ही.-3 हे यान समुद्रात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. परंतु पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. 18 जुलै 1980 रोजी यश आले, तेव्हा मात्र धवनांनी कलामांस पुढे केले. ही आठवण कलामांनीच सांगितलेली आहे. घरातील वडीलधाऱ्याने कसे वागावे, याचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाही.

सप्टेंबर 2019 मध्ये चंद्रयान-2 चा अवतरक चंद्रावर उतरताना कोसळला. सारे जग पाहत होते. शास्त्रज्ञांनी त्या अपयशातून धडा घेतला. 'काय काय बिघडू शकेल?' असा प्रश्न धरून नवी रचना केली. पाय अधिक बळकट केले, इंधन वाढविले, उतरण्याची जागा विस्तृत ठरविली. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 सुखरूप उतरले, तेव्हा यूट्यूबवर एकाच वेळी 80 लाखांहून अधिक लोक तो सोहळा पाहत होते.

आता आपल्या मंडळाचा व्हॉट्सअॅप समूह पाहावा. निकालाच्या दिवशी पेढे, हारतुरे आणि नव्वद टक्क्यांची छायाचित्रे! ज्या घरी त्या दिवशी चूल थंड असते, त्या घराचे नाव कोठेही नसते. इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमचा स्वतःचा मुलगा दहावीस अनुत्तीर्ण झाला, त्या वर्षी प्रकृतीचे निमित्त सांगून आम्ही या संमेलनास आलो नाही. तो पुढच्या वर्षी उत्तीर्ण झाला. परंतु वडिलांनी तोंड लपविले, हे तो विसरला नाही. अग्निबाण पडला, त्या दिवशी आम्ही पुढे उभे राहिलो नाही.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. गुणवंतांचा सत्कार अवश्य व्हावा. परंतु पडून पुन्हा उठलेल्या मुलामुलींसही, त्यांची संमती असल्यास, याच व्यासपीठावर बोलवावे. आणि निकालाच्या दिवशी समूहावर अभिनंदन लिहून झाले, की फोन खाली ठेवून ज्या घरी शांतता आहे, त्या घराची पायरी आपण चढावी.

त्या विद्यार्थ्याचे उत्तर देण्यास आम्हांस फार वर्षे लागली. आपण तितका विलंब लावू नये, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.