चाक वाढलं, ओढ घटली

अंबड, घनसावंगीकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात मोसंबीच्या बागेतून पिकअप काढायची म्हणजे कसरतच. मग कुणीतरी सुचवतं, गाडी उचलून घे, मोठे टायर टाक. गाडी उंच होते, रुबाबदार दिसते, पण चढावर धापा टाकते. असं का होतं?

समजा, टायरचा व्यास 28 इंचांचा 32 झाला. चाकाच्या एका फेरीत गाडी आता जास्त अंतर कापते, म्हणून जमिनीवरची ओढ आठवा भाग कमी होते. क्लचवर ताण येतो, वरचा गिअर पेलत नाही. स्पीडोमीटर 60 दाखवतो तेव्हा गाडी 68 च्या पुढे असते!

इलाज मागच्या आसाच्या हाउसिंगमध्ये, क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीत आहे. समजा, पिनियनला 10 दाते आणि क्राउनला 41, म्हणजे प्रमाण 4.10. त्याला 32 ने गुणा, 28 ने भागा. उत्तर येतं 4.69 च्या आसपास. नेमक्या तेवढ्या प्रमाणाची जोडी मिळेलच असं नाही. माल ओढणाऱ्याने जवळची थोडी मोठी घ्यावी, महामार्गावर रिकामं पळणाऱ्याने थोडी लहान. जोडी मात्र कायम एकत्रच बदलायची. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, तर पुढचीही बदला, नाहीतर दोन्ही आस एकमेकांशी भांडतात.

आणि हो, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. तेव्हा पाना उचलण्याआधी आरटीओत विचारून या. माझं विचाराल तर, चिखलासाठी खोल नक्षीचे मूळ मापाचे टायर बहुतेकांना पुरतात.