एका माशाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी म्हण आहे. प्राणिशास्त्रज्ञांना मात्र नदीतील माशाचे कूळ शोधल्यावाचून चैन पडत नाही. नर्मदाकाठच्या जबलपूर शहरात १९६० साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे प्रादेशिक केंद्र स्थापन झाले. मध्य भारतातील प्राण्यांचे नमुने गोळा करणे, ते ओळखणे आणि जपून ठेवणे हे त्याचे काम.

नर्मदेच्या तळाशी वाळूला टेकून राहणारा एक मासा आढळतो. त्याचे डोके चपटे, खालचा जबडा किंचित पुढे आलेला आणि अंगावर काळसर डाग असतात. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटीसारखी चकती झालेली असते. गोबी माशांची ही ठळक खूण होय. या माशाचे शास्त्रीय नाव ग्लॉसोगोबियस जियुरिस.

हे नाव एका दिवसात ठरले नाही. लिनीअसने १७५८ साली गोबियस हा वंश नोंदला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या माशाला गोबियस जियुरिस म्हटले. पुढे १८५९ साली थिओडोर गिल या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याच्यासाठी निराळा वंश कल्पिला. ‘ग्लॉसो’ म्हणजे जीभ. या माशाच्या जिभेच्या टोकाला खाच असते.

वंशापेक्षा कुळाचा प्रश्न अधिक बिकट ठरला. पोटाखालचे पर सुटे असलेल्या माशांना कोणी इलिओट्रिडी या स्वतंत्र कुळात घातले, तर कोणी गोबिइडी कुळातच ठेवले. वाळूत शिरून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचे क्रेमेरिइडी हे वेगळे कूळ मानले गेले, किड्यासारख्या लांबट माशांचे मायक्रोडेस्मिडी हे आणखी एक. देह लहान झाला की काही हाडे अपुरी राहतात किंवा नाहीशी होतात, आणि सारख्या राहणीमुळे दूरच्या माशांनाही सारखे रूप येते. म्हणून केवळ रूपावरून केलेली विभागणी फसवी ठरू शकते. २००९ साली क्रिस्टीन थॅकर यांनी आनुवंशिक द्रव्याची तुलना करून ही कुळे नव्याने तपासली. आता वरील दोन्ही चिमुकली कुळे गोबिइडीत समाविष्ट केली जातात. उलट कोकणच्या खाडीत चिखलावर उड्या मारणारी निवटी गोबिइडीतून निघून ऑक्सुडर्सिडी कुळात गेली आहे. नर्मदेतील मासा मात्र गोबिइडीतच राहिला.

या फेरफारांत एक उणीव सतत जाणवते. हॅमिल्टनने ज्या माशावरून जियुरिसचे वर्णन केले, तो मूळ नमुना आज उपलब्ध नाही. निरनिराळ्या नद्यांतील, एकाच नावाचे मासे खरोखर एकच जातीचे आहेत काय, अशी शंका आली, तर मूळ मासा पुढे ठेवून तिचे निरसन करता येत नाही. अभ्यासकाला त्या ग्रंथाचा आधार घ्यावा लागतो.

जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाने वाहत्या नर्मदेचा विस्तीर्ण जलाशय केला आहे. नदी पालटली की तिच्यातील जीवसृष्टीही पालटते. अशा वेळी मद्यार्काच्या बरणीतला लहानसा मासा, त्याच्याबरोबर पकडल्याचे ठिकाण आणि तारीख असेल, तर नदीच्या पूर्वस्थितीचा साक्षीदार होतो. चिठ्ठीवरचे कुळाचे नाव उद्याचा अभ्यासक खुशाल खोडील आणि नवे लिहील. परंतु ठिकाण आणि तारीख एकदा हरवली, तर ती कोणत्याही विद्वत्तेने परत मिळवता येणार नाही.