कर्जाच्या कागदावरचा नंबर

अमेरिकेत घरकर्जाचा अर्ज भरून घेणाऱ्या, व्याजदर सांगणाऱ्या आणि व्यवहार जमवून देणाऱ्या माणसाला ‘मॉर्गेज लोन ओरिजिनेटर’ म्हणतात. त्याला आज परवाना का लागतो, हे समजायला त्याची पूर्वीची कमाई पाहावी लागते. गिऱ्हाइकाला सहा टक्क्यांनी कर्ज मिळण्यासारखं असताना साडेसहानं गळ्यात मारलं, तर सावकार कंपनी दलालाला वरकड पैसे देई. म्हणजे सल्ला देणाऱ्याचा फायदा सल्ला घेणाऱ्याच्या नुकसानीत होता! उत्पन्नाचा पुरावा न मागता कर्जं वाटली गेली, त्यामागे हा हिशेबही होता. शिवाय एका राज्यानं परवाना काढून घेतला, तरी शेजारच्या राज्यात नवं दुकान थाटणं अवघड नव्हतं.

३० जुलै २००८ रोजी ओरिजिनेटरांच्या परवान्याच्या ‘सेफ’ कायद्यावर सही झाली. लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडाली ती त्यानंतर दीड महिन्यानं. तोवर लाखो घरांवर जप्ती आलेली होती.

आता परवान्यासाठी किमान वीस तासांचं शिक्षण लागतं. त्यात तीन तास संघराज्याचे कायदे, तीन तास नीतिमत्ता आणि दोन तास अपारंपरिक कर्जं. मग १२० प्रश्नांची परीक्षा, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. नापास झालात तर तीस दिवस थांबा; ओळीनं तीनदा झालात तर सहा महिने. बोटांचे ठसे एफबीआयकडे जातात, स्वतःचा पतअहवाल तपासला जातो. फसवणुकीच्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला हा दरवाजा कायमचा बंद. पुढे दरवर्षी आठ तासांची उजळणी.

पण वीस तासांत कोणी सज्जन होत नाही. माझ्या मते या कायद्याचं खरं बळ नंबरात आहे. प्रत्येक ओरिजिनेटरला एक क्रमांक मिळतो. नोकरी बदलली, राज्य बदललं, तरी तो बदलत नाही. अर्जावर आणि कर्जाच्या वचनचिठ्ठीवर त्याच्या नावाशेजारी तो छापावा लागतो. आणि कमाईचं मूळ दुखणं नंतरच्या नियमांनी दूर केलं: जास्त व्याजदर लावला म्हणून जास्त कमिशन, हे २०११ पासून बंद झालं.

एक गोष्ट मला आजही खटकते. बँकेत नोकरी करणाऱ्याला नोंदणी आणि क्रमांक पुरतो. त्याला ना ती परीक्षा, ना ते वीस तास. कर्ज घेणाऱ्याच्या आयुष्याची वीस-तीस वर्षं दोघांच्याही टेबलावर सारखीच गहाण पडतात. मग पारख वेगळी का?

तुमची मुलं, भाचे न्यू जर्सीत किंवा टेक्सासात घर घेत असतील, तर त्यांना सांगा: दराची चौकशी करण्याआधी समोरच्याचा क्रमांक विचारा. नियामकांच्या नोंदवहीत तो फुकट शोधता येतो. माणूस आधी कुठं काम करत होता, कोणत्या राज्यांत त्याला परवानगी आहे आणि नियामकानं त्याच्यावर कारवाई केली आहे का, हे तिथं दिसतं.