औषधाची परीक्षा आणि परीक्षकाचे शिक्षण



अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे ज्याचे नाव पंचक्रोशीत आदराने घेतले जाते, त्या मोहगावी आपण मला या औषधनिर्माणशास्त्र परिषदेच्या अध्यक्षपदाचा मान दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा आपला मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सरकारी दप्तर अशा रीतीने भोपाळकडे गेले, तरी आपली संत्री नागपूरच्या बाजाराकडेच जातात आणि घरचे माणूस अत्यवस्थ झाले म्हणजे गाडी आपोआप नागपूरच्याच रस्त्याला लागते.

त्याच रस्त्याने २०२५ च्या सप्टेंबरात लहान लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत नेली जात होती. अध्यक्षीय भाषणात शास्त्राचा इतिहास मुळापासून सांगावयाचा प्रघात आहे. परंतु शेजारच्या परासिया भागात जे घडले त्याचा उच्चार केल्यावाचून या व्यासपीठावरून औषधशास्त्राच्या उच्च शिक्षणाविषयी बोलणे मला उचित वाटत नाही. साध्या सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या पातळ औषधाने मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली, आणि विसाहून अधिक बालके दगावली. ते औषध ज्या तमिळनाडू राज्यात तयार झाले होते, तेथील औषधनियंत्रण खात्याने नमुना तपासला, तेव्हा त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे हे प्रमाण मर्यादेच्या सुमारे पाचशे पट झाले.

हे विष औषधात शिरते कसे, हे श्रोत्यांतील पालकांसाठी थोडक्यात सांगतो. अशा औषधातील पॅरासिटामॉल पाण्यात पुरेसे विरघळत नाही, म्हणून पातळ औषध करताना प्रोपिलीन ग्लायकॉलसारखा द्रावक घालावा लागतो. औषधी दर्जाचा द्रावक महाग पडतो, कारखानी दर्जाचा स्वस्त. आणि स्वस्त मालात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असली तरी ती डोळ्यांना दिसत नाही, कारण तेही तसेच रंगहीन, तसेच दाट आणि चवीला गोडच असते. मालाबरोबर आलेल्या दाखल्यावर विसंबून पिंपातला नमुना न तपासता तो कढईत ओतला गेला की पुढचा अनर्थ अटळ होतो. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधनियंत्रण खात्यातील आणि रुग्णालयातील ढिलाईचा सविस्तर पंचनामा केला, आणि तरीही जवळजवळ ४० वर्षांनी तेच विष आपल्या दाराशी आले.

या विषाच्या इतिहासात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीचे स्थान आहे आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे मला मनापासून वाटते. १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड या औषधाचे पातळ रूप बाजारात आले; द्रावक म्हणून त्यात डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते, आणि त्याने शंभरावर माणसे मेली. औषध विकण्यापूर्वी ते विषारी नाही हे सिद्ध करण्याचे बंधन त्या काळच्या कायद्यात नव्हते. शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक गाइलिंग यांच्या प्रयोगशाळेकडे या मृत्यूंच्या कारणाचा शोध आला, तेव्हा फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची तरुणी तेथे डॉक्टरेटचा अभ्यास करीत होती. प्राण्यांच्या काही गटांना संपूर्ण औषध, काहींना केवळ सल्फानिलामाइड आणि काहींना केवळ द्रावक देऊन कोण मरते व कोण जगते याची नोंद ठेवण्याच्या कामात तिचा हात होता, आणि दोष द्रावकाचा आहे हे त्या नोंदींतून निर्विवाद ठरले. १९३८ साली तेथे नवा कायदा झाला. हीच विदुषी विवाहानंतर फ्रान्सिस केल्सी या नावाने शासकीय औषधपरीक्षक झाली, आणि १९६० साली थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज तिच्या मेजावर आला तेव्हा कंपनीच्या तगाद्याला न जुमानता, पुरावा अपुरा आहे एवढ्याच कारणास्तव तिने परवानगी रोखून धरली. त्या औषधापायी युरोपात हजारो बालके व्यंग घेऊन जन्मास आली, अमेरिका बहुतांशी वाचली. विद्यार्थिदशेत जनावरांच्या पिंजऱ्यांपुढे उभे राहून तिने जी शंकेखोर शिस्त अंगी बाणवली होती, तीच पुढे मेजावर कामास आली, असे माझे ठाम मत आहे.

पदवी आणि पदव्युत्तर पदवी यांतील भेद मी येथेच पाहतो. गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात औषधाचा थेंबाहूनही लहान अंश सुईने सोडला की उष्णतेने त्याची वाफ होते, ती लांब, अतिसूक्ष्म नळीतून पुढे सरकते, १८८ अंशांना उकळणारे प्रोपिलीन ग्लायकॉल अगोदर बाहेर पडते, २४५ अंशांना उकळणारे डायएथिलीन ग्लायकॉल मागाहून, आणि आलेखावर दोन निरनिराळी शिखरे उमटतात. एवढे काम शिकविल्यास बी. फार्म. झालेला कोणताही होतकरू तरुण करील. परंतु साखर, रंग आणि सुवास यांच्या गर्दीत ०.१ टक्का विष खरोखर वेगळे ओळखू येते काय, तेच मोजमाप आज, उद्या आणि दुसऱ्याच्या हातून सारखेच येते काय, दोन शिखरे एकमेकांत मिसळून निर्दोष अहवाल निघण्याचा धोका कोठे आहे, हे प्रश्न विचारून त्यांची उत्तरे पुराव्यानिशी लिहून ठेवणे हे एम. फार्म.च्या विद्यार्थ्याचे काम. पदवीधर कसोटी लावतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने त्या कसोटीचीच परीक्षा घ्यावयाची असते.

आपल्या देशात ही विद्या फार जुनी नाही. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये औषधांच्या भेसळीची चौकशी केली. महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला गेला. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा त्यानंतरचे. म्हणजे भेसळीच्या चिंतेतूनच हे शिक्षण जन्मले. आज मात्र एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाचा प्रबंध पाहावा तर बहुधा तीच ती हळूहळू विरघळणारी गोळी, औषध तेवढे बदललेले, निष्कर्षाचे शब्दही ओळखीचे. यात मी विद्यार्थ्याला दोष देत नाही. जीपॅट ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन १२,४०० रुपयांची मासिक शिष्यवृत्ती ज्याला मिळाली त्याचे भागते, ज्याला ती मिळाली नाही त्याच्या बापाने संत्र्याचा बगीचा बहरण्यापूर्वीच व्यापाऱ्याला देऊन शुल्क भरलेले असते. अशा मुलाने हाती असलेल्या यंत्रावर मुदतीत पुरा होणारा विषय निवडला तर त्यात नवल नाही. विषय सुचविण्याची जबाबदारी मार्गदर्शकाची, आणि साधने पुरविण्याची जबाबदारी संस्थेची आहे.

आणखी एक कैफियत मांडणे मला भाग आहे. कर्नाटकाच्या सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षणाच्या प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे. पांढुर्णा-सौंसरचा विद्यार्थी मात्र मातृभाषेने मराठी असूनही रहिवासाच्या दाखल्याने मध्य प्रदेशाचा ठरतो. त्याला सागरचे डॉ. हरिसिंग गौर विश्वविद्यालय खुले आहे, तेथील औषधशास्त्राचा विभाग देशातील जुन्या विभागांत गणला जातो, याचा मला आनंदच आहे. परंतु सागर दूर, आणि नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येईल इतका जवळ. या मुलांसाठी दोन्ही राज्यांनी मिळून काही जागांची तजवीज करावी, अशी माझी मागणी आहे.

त्याबरोबरच या परिषदेने आजच दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. येथील औषधविक्रेत्यांनी मुलांच्या पातळ औषधांचे नमुने, समूह-क्रमांक आणि खरेदीची तारीख यांच्या नोंदीसह, पदव्युत्तर विभागांना अभ्यासासाठी नियमितपणे द्यावेत; आणि विभागांनी दरवर्षी निदान एक प्रबंध या नमुन्यांच्या तपासणीच्या पद्धतीवर करून घ्यावा, ज्यात कमी खर्चाची प्राथमिक चाचणी तालुक्याच्या ठिकाणी कितपत विश्वासाने करता येईल याचाही विचार असेल. असा अभ्यास शासकीय तपासणीची जागा घेणार नाही, घेऊही नये; पण संशयास्पद नमुना आढळताच औषध निरीक्षकाला त्याच दिवशी लेखी कळविण्याची शिस्त त्यातून लागेल. या दोन्ही सूचनांचा आणि प्रवेशाच्या मागणीचा मसुदा विषयनियामक समितीने आज रात्री तयार करून उद्याच्या खुल्या अधिवेशनापुढे ठेवावा, आणि त्या समितीत एम. फार्म.च्या निदान दोन विद्यार्थ्यांना मतासह स्थान असावे.