जठरातील काळे ठिपके



आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिक झालेले सेवानिवृत्त शिक्षक आहोत. म्हणून स्वतःच्या देहाने जे शिकविले तेवढेच निवेदन करतो.

गतवर्षी आमच्या जठराची दुर्बिणीने तपासणी झाली. 'अंतस्त्वचेवर काळे ठिपके' असे अहवालात आले आणि घरात त्या रात्री कोणी धड जेवले नाही. काळे म्हटले की कर्करोगाखेरीज दुसरे काही आपल्या मनात येतच नाही. चिरंजीवांनी तर तो कागद आमच्यापासून दडवूनच ठेवला होता.

डॉक्टरांनी तेथील कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. या स्थितीचे नाव 'स्यूडोमेलॅनोसिस', म्हणजे मेलॅनिनचा केवळ आभास. मेलॅनिन हे आपल्या कातडीचे रंगद्रव्य होय. येथे मात्र अंतस्त्वचेतील भक्षक पेशींत प्रायः लोह व गंधक यांचे कण साठलेले असतात. लोह ओळखण्यासाठी जी रासायनिक क्रिया करतात तीत प्रशियन निळा रंग उमटतो. (हाच रंग आम्ही चित्रकलेच्या तासाला वर्षानुवर्षे मुलांना वाटला!) असे ठिपके बहुधा लहान आतड्याच्या आरंभी आढळतात, जठरात ते विरळाच. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबावरील काही औषधे, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांच्याशी त्यांचा संबंध दिसून आला आहे. त्यांपासून अपाय नाही व त्यांवर उपचारही लागत नाही.

हे कळल्यावर एका हितचिंतक आप्तांनी रक्तदाबाची गोळीच बंद करण्याचे सुचविले. आमच्या मते असला सल्ला त्या ठिपक्यांहून शतपटीने घातक आहे. ठिपके निरुपद्रवी, अनावर रक्तदाब तसा नव्हे. औषधात फेरफार करणे तो डॉक्टरांनीच करावा, आणि त्यासाठी आपण काय काय घेतो ते त्यांना ठाऊक हवे. आपल्या भगिनी लोहाच्या गोळ्यांना औषधात गणीतच नाहीत! तपासणीस जाताना त्यांचेही नाव चिठ्ठीत असावे.

मात्र आमचे ऐकून कोणी घरबसल्या निदान करू नये. काळेपणाची अन्य कारणेही असतात, क्वचित दुर्धर. कण तपासल्यावाचून निश्चिती नाही. लोहाच्या गोळीने शौचही काळसर होते, हे खरे. परंतु ते डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त झाल्यास आत रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. अशा वेळी गोळीवर हवाला न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.