गुडघेदुखी म्हणजे केवळ म्हातारपण नव्हे



सातपुड्याच्या पाड्यांवर मोळी, हंडा डोक्यावर घेऊन चढउतार करणाऱ्या बाया गुडघा दुखला की “वय झालं” म्हणून गप्प बसतात. पण प्रत्येक दुखण्याचे कारण वेगळे असते.

उतार उतरताना, उकिडवे बसून उठताना दुखणे, सकाळी थोडा वेळ आखडणे, कटकट आवाज येणे ही झिजेची लक्षणे. मांडीचा व्यायाम आणि हलके ओझे यांनी आराम पडतो. पाय पिरगळल्यावर गुडघा मध्येच अडकू लागला, तर आतली गादी फाटलेली असू शकते. कित्येक आठवडे सूज, बारीक ताप आणि वजनात घट असेल, तर क्षयाची तपासणी करावी. मुलांचे सांधे वारंवार ठणकत असतील, तर सिकलसेलसाठी रक्त तपासावे. आपल्या आदिवासी भागात हा आजार आढळतो.

गुडघा एकाएकी सुजून गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर चोळू नका, चटके देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सांध्यात पू झाला, तर थोड्याच दिवसांत तो कायमचा निकामी होऊ शकतो.

पाड्यावर भेटीस जाल तेव्हा प्रार्थनेबरोबर एवढे जरूर विचारा: “गुडघा गरम लागतो का? ताप येतो का?”