हळर्णचा किल्ला

पाहुणे आले की शापोऱ्याचा किल्ला दाखवा म्हणून हट्ट धरतात, सिनेमाची कृपा! त्याच नदीकाठी वर, आमच्या पेडण्यात सावंतवाडीकर भोसल्यांचा हळर्णचा किल्ला आहे. १७४६ साली पोर्तुगीज व्हाईसरॉयने तो जिंकला आणि त्याला ‘आलोर्नाचा मार्किस’ ही पदवी मिळाली. पुढे त्याची नात याच नावाने पोर्तुगालमध्ये कवयित्री म्हणून गाजली. नाव तिकडे मिरवले. तट, बुरूज इथेच राहिले. सरकारने डागडुजी केली आहे. पण वर्दळ काही फाईलीतून येत नाही, हे आम्ही सरकारी नोकरीत राहूनच सांगतो. चवथीची धांदल सरली की एका रविवारी मुलांना घेऊन जाऊ. त्यांना तट दाखवू, नदी दाखवू आणि हळर्ण हे मूळ नावही सांगू.